लाकडातली लाट

निलगिरीच्या काही ओंडक्यांत एक कोडे दडलेले असते. फळी चिरली, रंधा मारला, पॉलिश पेपरने घासून एकसारखी सपाट केली, तरी तिच्यावर आडव्या लाटा दिसत राहतात. बोट फिरवावे तर काहीच लागत नाही. फळी जराशी तिरपी केली की उजळ पट्टा काळवंडतो, काळा उजळतो आणि सगळ्या लाटा सरकल्यासारख्या वाटतात. डोळा म्हणतो लाट आहे, हात म्हणतो नाही.

वर्धा जिल्ह्यात निलगिरीकडे इतके निरखून कोणी पाहत नाही. धुऱ्यावर, कालव्याकाठी, पडीक तुकड्यावर लावलेले हे झाड सरळ वाढते, लवकर तोडले जाते आणि पुढे बल्ली, सेंटरिंगचा टेकू, खोक्याची पट्टी नाहीतर जळण होऊन संपते. कागदाच्या लगद्यासाठी ते टनावर विकले जाते. सागाला घराच्या चौकटीत मान आहे, बाभळीला बैलगाडीत आणि वखरात. निलगिरीला मानाची जागा कुठेच नाही. मात्र खरादावर लाकूड चढवून वाडगी, पेले, डबे काढणारे कारागीर जगभर अशाच लाटदार ओंडक्यासाठी जीव टाकतात. त्यांची ही ओढ समजून घ्यायला गेले की दोन प्रश्न पुढे येतात. पहिला ज्ञानाचा आहे: जे दिसते पण हाताला लागत नाही, ते खरे मानायचे का? दुसरा धर्माचा आहे: जे झाड पाडल्याशिवाय नीट दिसतच नाही, ते पाहण्याचा अधिकार माणसाला कुठून आला? सेवाग्राम, मगनवाडी आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहेत तिथे हे प्रश्न नुसते पोथीतले राहत नाहीत. माती, कापूस, बांबू आणि लाकूड हातात घेऊन माणसाने किती घ्यावे आणि कसे घ्यावे, याची चर्चा इथे वर्षानुवर्षे चालली.

पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर झाडाच्या अंगातच आहे. लाकडाचे तंतू बहुधा बुंध्याच्या उंचीच्या दिशेने सरळ जातात. काही झाडांत ते नागमोडी जातात. असे लाकूड सरळ रेषेत चिरले की करवतीच्या वाटेत काही तंतू लांबीने उघडे पडतात, तर काही तिरपे कापले जातात. लांबीने उघडा पडलेला तंतू प्रकाश परत फेकतो. तिरप्या कापलेल्या तंतूच्या पोकळ तोंडात प्रकाश गडप होतो. म्हणून उजळ पट्ट्याशेजारी काळा पट्टा उमटतो आणि प्रकाशाची दिशा बदलली की दोघांची कामे बदलतात. युरोपातल्या व्हायोलिन करणाऱ्यांनी वाद्याच्या पाठीसाठी मेपलचे असेच लाटदार लाकूड शतकानुशतके निवडून वापरले. निलगिरीत आणखीही तऱ्हा आढळतात. तंतू काही वर्षे एका बाजूला कलतात, पुढची काही वर्षे दुसऱ्या बाजूला. मग फळीवर रुंद उभे पट्टे येतात. बुंध्यावरच्या मोठ्या गाठीत किंवा मुळाच्या फुगवट्यात सुप्त अंकुरांची गर्दी झाली की चक्राकार, ठिपकेदार नक्षी तयार होते.

याच लाकडात लबाड लाटही असते. ओली निलगिरी घाईने वाळवली तर आतल्या पेशी पाणी जाताजाता पिचतात, भिंती आत बसतात आणि फळीवर खाचा-उंचवटे उमटतात. पहिल्या नजरेला हीसुद्धा नक्षीच वाटते. पण ती हाताला लागते. वाफ दिली की बरीचशी निघून जाते, उरलेली रंध्याखाली जाते. खरी लाट हाताला लागत नाही आणि रंध्याने हलत नाही. उलट जितके घासावे तितकी ती उघडी होत जाते. एरवी डोळ्याने फसवले तर आपण स्पर्शाला साक्षीला बोलावतो. इथे ज्याला स्पर्शाने दुजोरा दिला तेच खोटे ठरते.

वेदान्तातले दोरी आणि सापाचे उदाहरण इथे अर्धेच लागू पडते. दिवा जवळ नेला की साप नाहीसा होतो आणि दोरी उरते. लबाड लाटेचे तसेच आहे, तपासणी झाली की ती संपते. खऱ्या लाटेजवळ दिवा नेला तर ती अधिकच ठसठशीत होते. मग तिला भास म्हणणे अवघड. पण काळोखात ती नाही, म्हणून तिला वस्तू म्हणणेही अवघड. शांकर परंपरा तिला व्यवहारापुरते सत्य मानून पुढे जाईल. मराठीत मात्र तेराव्या शतकापासून एक वेगळी वाट आहे. ‘अमृतानुभव’च्या सातव्या प्रकरणात ज्ञानदेवांनी अज्ञानाचे खंडन केले आहे. जगाचे दिसणे सरसकट अज्ञानाच्या माथी मारायला ते तयार नाहीत. जे आहे तेच स्वतःला दाखवते आणि दिसणे हा त्याचाच विलास आहे, या विचाराला अभ्यासकांनी चिद्विलासवाद म्हटले. ज्ञानदेवांच्या भजनांवर चिंतनिका लिहिणारे विनोबा याच जिल्ह्यात पवनारला राहिले, तेव्हा हा विचार वर्ध्याला परका नाही.

या वाटेने पाहिले तर फळीवरची लाट म्हणजे लाकडाने केलेली फसवणूक नव्हे. तंतू जसे वळले तसे ते प्रकाशात दिसतात, एवढेच. आणि हे मान्य केले की एक जबाबदारीही येते. भास असता तर त्याकडे पाठ फिरवणे हाच विवेक ठरला असता. लाट जर त्या झाडाचे स्वतःचे रूप असेल, तर ओंडका एकदाही न उलटता भट्टीत टाकणारा माणूस आपण काय जाळतो आहोत हे जाणत नाही. ज्ञानाचा प्रश्न इथे धर्माच्या प्रश्नाला जाऊन मिळतो.

जुन्या शास्त्रकारांनी लाकूड निरखले होते, पण वेगळ्या नजरेने. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त शय्या आणि आसनांसाठी लाकूड कसे निवडावे याचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात लाकडातल्या गाठी आणि छिद्रांचे आकारावरून प्रकार पाडले आहेत, कोलाक्ष, वत्सनाभ अशी त्यांना नावे दिली आहेत आणि कोणत्या छिद्राने घरात काय अनर्थ होईल ते सांगितले आहे. म्हणजे वेडेवाकडे लाकूड हा शकुनाचा विषय होता आणि शकुन बहुधा वाईटच. आजचा खरादावरचा कारागीर त्याच गाठीसाठी जास्त पैसे मोजतो. निलगिरीच्या लाकडात जखम, आग किंवा किडीनंतर लालकाळ्या डिंकाच्या रेघा साचतात. फळीच्या व्यापाऱ्याला त्या खोट वाटतात, वाडगे काढणाऱ्याला त्यात शोभा दिसते. रेघ तीच असते. लाकडाकडून काय हवे आहे यावर तिचा दोष किंवा गुण ठरतो.

लाट कुठून आली, हाही जुनाच वाद नव्या रूपात आहे. फिनलंडमध्ये नक्षीदार बर्चची लागवड होते, कारण तिथे हा गुण बियाण्यातून उतरतो. दुसरीकडे, जाड फांदीखाली किंवा मुळाच्या पसरट भागात, जिथे झाडाचे वजन दाबून बसते, तिथे दुमडलेले तंतू हमखास सापडतात. उपजत वळण आणि सोसलेला भार, दोन्ही एकाच फळीत. कर्मविचारात संचित आणि क्रियमाण यांच्या सीमारेषेवर जितका खल झाला, तितकाच हा खल चालू राहील. मात्र कागद गिरण्यांसाठी लावल्या जाणाऱ्या कलमी निलगिरीने या वादाला एक टोक आणले आहे. एका मातृवृक्षापासून काढलेली हजारो रोपे वंशाने एकच असतात आणि पाच-सात वर्षांत कापली जातात. भार सोसून वेगळे होण्याएवढे आयुष्य त्यांना मिळत नाही.

दुसऱ्या प्रश्नाआधी एक आक्षेप निकालात काढावा लागतो. निलगिरी परकी आहे, मग वर्ध्याच्या विचारात तिला जागा कशाला? झाड परके आहेच. टिपू सुलतानाने अठराव्या शतकाच्या अखेरीस नंदी टेकडीवर ते लावल्याचे सांगतात. १८४३ च्या सुमारास ते निलगिरी पर्वतात आले आणि मराठीत त्या पर्वताचेच नाव घेऊन बसले. धर्माशी त्याचा संबंध मात्र युरोपात आधी जुळला. आपल्याकडे कोरड्या भागात लावली जाणारी कमल्डुलेन्सिस ही जात शास्त्रीयदृष्ट्या प्रथम वर्णिली गेली ती नेपल्सजवळच्या कमाल्दोली इथल्या बागेतल्या झाडावरून, १८३२ मध्ये. कमाल्दोली हे नाव ख्रिस्ती संन्याशांच्या मठावरून आलेले. रोमजवळ त्रे फोंताने इथे, जिथे संत पॉलचा शिरच्छेद झाला असे मानतात, १८६८ मध्ये ट्रॅपिस्ट साधू राहायला आले. तिथल्या हिवतापाने माणसे मरत. या झाडाच्या वासाने हवा शुद्ध होते अशा श्रद्धेने साधूंनी निलगिरीची बने उभी केली. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादमध्ये डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला तो १८९७ मध्ये. झाडांनी दलदल शोषायला हातभार लावला असेल, पण वासाची गोष्ट चुकीची होती. साधूंची निष्ठा खरी आणि कारण खोटे, असा तो प्रकार.

महाराष्ट्रात निलगिरीवर वेगळी श्रद्धा बसली, पैशाची. १९८० च्या दशकात नाशिक जिल्ह्यात विनायकदादा पाटील यांनी शेतकऱ्यांना निलगिरीची शेती शिकवली, त्यांची सहकारी संस्था उभी केली. त्याच काळात कर्नाटकात उलटा वारा होता. १९८३ मध्ये तुमकूर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी रोपवाटिकेतली निलगिरीची रोपे उपटून तिथे चिंचेच्या बिया टाकल्या. झाड पाणी शोषते, जमिनीला काही देत नाही, ज्वारीची जागा खाते, हा त्यांचा आरोप होता. २०१७ मध्ये कर्नाटक सरकारने नव्या लागवडीवर बंदी घातली. हा आरोप गंभीर आहे आणि लाकडातली लाट कितीही सुंदर असली तरी तिने तो पुसला जात नाही.

पण परकेपणाचा मुद्दा वर्ध्यात टिकत नाही. १९१६ मध्ये मद्रासला मिशनऱ्यांच्या परिषदेत बोलताना गांधींनी स्वदेशीची व्याख्या केली, ती वंशावर नव्हती; लांबचे सोडून जवळच्या परिसराचा वापर आणि सेवा करायला लावणारी वृत्ती, अशी होती. १९३६ मध्ये ते शेगावात राहायला आले, जे पुढे सेवाग्राम झाले. ‘हरिजन’मध्ये ९ जानेवारी १९३७ ला त्यांनी आदर्श खेड्याचे वर्णन केले आणि झोपड्यांसाठी पाच मैलांच्या परिघात मिळणारे साहित्य वापरावे असे लिहिले. हा परिघ निलगिरीला नकळत आत घेतो. वायगावच्या किंवा सेलूच्या धुऱ्यावर पन्नास वर्षे उभे असलेले झाड तिथल्या वाढईसाठी स्वदेशी आहे. परदेशातून कंटेनरने आलेला मेपल नाही. लावू नये असे ज्याचे मत आहे त्यानेही, जे लावले गेले आणि तोडले जाणारच आहे, त्याचे काय करायचे हे सांगायला हवे.

आता हिंसेचा प्रश्न. या बाबतीत जैन परंपरा सर्वांत कठोर आहे. वनस्पती हा एकेंद्रिय जीव, आणि गृहस्थाने टाळायच्या पंधरा धंद्यांत, म्हणजे कर्मादानांत, कोळसे पाडणे आणि वनतोड हे अगदी सुरुवातीलाच येतात. वराहमिहिराची भूमिका मधली आहे. मूर्तीसाठी झाड तोडण्याआधी रात्री त्याची पूजा करावी, त्यावर राहणाऱ्या भूतांना दुसरीकडे जाण्याची विनंती करावी, क्षमा मागावी आणि मग सकाळी कुऱ्हाड घालावी. कोणती झाडे तोडू नयेत याचीही यादी त्याने दिली आहे; पक्ष्यांची घरटी असलेले झाड त्यात येते. गांधींची कसोटी तिसरीच. येरवडा तुरुंगातून १९३० मध्ये आश्रमवासीयांना लिहिलेल्या व्रतविचाराच्या पत्रांत अस्तेयाचा अर्थ त्यांनी रुंद केला. गरज नसताना घेतलेली वस्तू, ती कोणाची परवानगी घेऊन घेतली असली तरी, चोरीच. सेवाग्रामच्या प्रार्थनेत म्हटल्या जाणाऱ्या एकादश व्रतांत अहिंसेपाठोपाठ सत्य आणि अस्तेय येतात, ते उगीच नाही.

या तिन्ही कसोट्या समोर ठेवल्या की लाटदार लाकडाच्या व्यवहारात एक भेद दिसू लागतो. लाट शोधणे वेगळे आणि ओळखणे वेगळे. शोधणारा उभ्या झाडांच्या सालीत खिडक्या पाडत फिरतो: साल काढली की लाटदार झाडाच्या लाकडावर आडव्या सुरकुत्या दिसतात. एका नक्षीदार झाडासाठी दहा साधी झाडे जखमी होतात. त्या जखमांतून बुरशी शिरते. ओळखणारा मुळात झाडाकडे जात नाही. जे पडले आहे त्याच्याजवळ थांबतो. वादळात उन्मळलेले, रस्ता रुंदीकरणात गेलेले, बल्लीसाठी तोडलेले, वखारीत आधीच येऊन पडलेले. शोधणाऱ्याला दुर्मीळतेची भूक असते. ओळखणाऱ्याला त्याच्यासमोर असलेल्या वस्तूशी देणेघेणे असते.

निलगिरीने तर ओळखणाऱ्याचे काम सोपे केले आहे. कमल्डुलेन्सिस दरवर्षी स्वतःच साल सोडते. उघड्या, गुळगुळीत बुंध्यावर सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की बुडख्याजवळच्या आडव्या सुरकुत्या कधी कधी नुसत्या नजरेला दिसतात. याच जातीच्या झाडांवर ऑस्ट्रेलियातल्या मरी नदीकाठी जुन्या व्रणांच्या खुणा आहेत. तिथल्या मूळ रहिवाशांनी उभ्या झाडाच्या बुंध्याची साल लांबट तुकड्यात काढून होड्या केल्या, ढाली केल्या आणि झाड जिवंत ठेवले. ती व्रणांकित झाडे आजही वाढताहेत. त्याच देशाच्या उत्तरेत यिडाकी या सुषिर वाद्यासाठी वाळवीने आधीच पोकळ केलेले खोड टिचकी मारून निवडतात. निवडणाऱ्याचा कान तिथे कुऱ्हाडीच्या आधी काम करतो.

तोडल्यानंतरची शिस्तही धर्माच्या चर्चेत बसते, कारण तिथे घाई केली तर झाड फुकट जाते. निलगिरीच्या खोडात वाढीचा ताण साठलेला असतो. परिघाकडचा थर ओढलेला, गाभा दाबलेला. तोडल्याबरोबर ओंडक्याची टोके ताऱ्यासारखी तडकू शकतात, म्हणून टोकांना लगेच मेण किंवा जाड रंग फासतात. आरा गिरणीवर पहिला छेद नेमका गाभ्यातून घ्यावा लागतो, म्हणजे ताण दोन्ही अंगांना सारखा सुटतो. कडेपासून पट्ट्या काढत गेले तर पट्टी करवतीतच वाकते. गाभ्याचा मधला भाग काढूनच टाकायचा असतो. लाट पाहायची तर कापलेल्या अर्ध्यावर पाणी मारून तिरप्या उजेडात धरावे, नाहीतर बाजूचा एक तुकडा त्रिज्येच्या दिशेने फोडावा: लाटदार लाकूड फुटते तेव्हा फुटलेली बाजूच दुमडलेली निघते. आडव्या लाटा सर्वांत चांगल्या दिसतात त्या गाभ्यातून परिघाकडे जाणाऱ्या चिरेवर. वाडगे काढायचे तर ते ओल्या लाकडातच जाडसर काढतात, भिंतीची जाडी वाडग्याच्या रुंदीच्या दहाव्या भागाइतकी ठेवून. मग कित्येक महिने ते सावलीत वाळते, वेडेवाकडे होते, आणि त्यानंतर पुन्हा खरादावर चढते. विदर्भाच्या मे महिन्यातल्या उन्हात हे काम उघड्यावर केले तर त्याचे जळणच होते.

गांधींच्या नयी तालीमची कल्पना ज्या परिषदेत मांडली गेली ती वर्ध्यालाच झाली, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला. झाकीर हुसेन समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात मूलोद्योग म्हणून कताई-विणकाम, शेती आणि लाकूडकाम होते. हाताच्या कामातून विचार शिकायचा, असा त्यामागचा आग्रह. निलगिरीचा ओंडका हा त्या शाळेला शोभणारा गुरू आहे: ताण म्हणजे काय, वाट पाहणे म्हणजे काय आणि दिसणे-असणे यातला फरक, तिन्ही एका छेदात.

सौंदर्याबद्दल एक अडचण उरते. एकादश व्रतांत अस्वादही आहे. जिभेचे चोचले नाकारणाऱ्या आश्रमात डोळ्यांचे चोचले कसे चालतील? १९२४ मध्ये जी. रामचंद्रन या तरुणाने गांधींना कलेबद्दल खोदून विचारले, तेव्हा आपल्या खोलीच्या भिंती कोऱ्या असल्या तरी चालतील, वरचे तारांगण पुरे आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पण सेवाग्राममधल्या त्यांच्या बापू कुटीची भिंत कोरी नाही. त्यांच्या शिष्या मीराबहनने तिच्यावर ताडाची झाडे, मोर आणि ॐ उठावात काढले आहेत, आणि ते मातीतच आहेत. भिंतीच्या मातीवर वेगळे काही आणून चिकटवलेले नाही. भिंतच तिथे थोडी पुढे आली आहे. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावताना गांधींनी स्थानिक, साधे साहित्य वापरण्याचाच आग्रह धरला होता. अस्वादाची अडचण इथे बरीचशी सुटते. व्रताचा विरोध होता तो वर ओतलेल्या मसाल्याला. लाट ही ओंडक्यावर ओतलेली नाही. लाखेचा रंग, पितळी पट्टी, कोरीव वेल यांपेक्षा ती मीराबहनच्या मोराच्या जवळची आहे.

तरी तिचे काय करायचे हे उरतेच, आणि तिथे गांधीवादी अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पांना टाळता येत नाही. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झाला, वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम चालले, आणि ३० डिसेंबर १९३८ ला गांधींनी तिथे मगन संग्रहालय उघडले. तुरुंगात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मध्ये कुमारप्पांनी निसर्गातल्या साधनांचे दोन वर्ग केले: कोळसा, लोखंड, तेल ही साठ्याची साधने, वापरली की संपणारी, वाहते पाणी आणि सतत वाढत राहणाऱ्या जंगलातले लाकूड ही प्रवाहाची. निलगिरी तोडली की बुडख्यातून पुन्हा फुटते, म्हणून ती सरळ दुसऱ्या वर्गात बसेल असे वाटते. पण लाट त्या वर्गात बसत नाही. लाटदार बुंधा पुन्हा मिळायला दोन-तीन पिढ्यांच्या बल्ल्या न तोडता थांबावे लागेल. म्हणून तो एक छोटासा साठा आहे, आणि साठा खर्च करायचा तर त्यातून निघालेली वस्तू तितकीच टिकली पाहिजे. पंधरा मिनिटांत जळणारी ढलपी आणि तीन पिढ्या वापरले जाणारे पिठाचे वाडगे यांत कुमारप्पांचे माप कुठे झुकेल हे सांगायला नको. काचेच्या कपाटात ठेवायच्या शोभेच्या फुलदाणीबद्दल मात्र ते कदाचित आणखी दोन प्रश्न विचारतील.

ओळखण्याची एक गोष्ट पवनारच्या मातीत घडलेली आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. बाराव्या अध्यायावर बोलताना लक्ष्मणाची भक्ती सगुण आणि भरताची निर्गुण, असे विनोबांनी सांगितले; राम-भरत भेटीचे चित्र कोणी काढले तर किती चांगले होईल, असा विचारही तिथे आला. पुढे १९३८ मध्ये ते धाम नदीकाठी पवनारला आले. शेतासाठी जमीन खणताना तिथे जुनी शिल्पे निघाली. त्यांतल्या एकात त्यांना भरत-राम भेट दिसली आणि आश्रमात तिची स्थापना झाली. इतिहास संशोधक वा. वि. मिराशी यांनी पवनार हेच वाकाटकांचे प्रवरपूर असल्याचे मांडले होते, तेव्हा तिथे शिल्पे निघणे नवलाचे नाही. लक्षात घेण्यासारखे हे की कुदळ चालली होती ती शेतासाठी. मूर्ती शोधायला कोणी टेकडी उकरली नव्हती. समोर आले ते ओळखता आले, कारण ओळखणाऱ्याच्या मनात त्याची जागा आधीपासून होती.

या सगळ्यानंतरही अस्तेयाचा एक धागा सुटा राहतो, आणि तो सर्वांत व्यावहारिक आहे. १९६४ च्या महाराष्ट्रातल्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ आहेत, निलगिरी नाही. देवळीचा शेतकरी धुऱ्यावरची निलगिरी विकतो ती वजनावर. लाट उघडी पडते ती पुढे, आरा गिरणीत किंवा त्याहूनही पुढे खरादावर, आणि वाढलेली किंमत तिथेच थांबते. ज्याच्या जमिनीने आणि पाण्याने झाड पोसले, त्याला तिचा पत्ताही नसतो. दडलेल्या धनाबद्दल देशात एक जुना कायदा आहे, १८७८ चा निखात निधी अधिनियम. जमिनीत, किंवा जमिनीला जखडलेल्या कोणत्याही वस्तूत दडलेली किमती चीज म्हणजे निधी, अशी त्याची व्याख्या आहे. ती दहा रुपयांहून अधिक किमतीची असेल तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे. मूळ धनी मिळाला नाही आणि दोघांत आपसात काही ठरले नाही, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि चौथा जागेच्या मालकाला मिळतो. उभे झाड जमिनीला जखडलेलेच असते. अर्थात, कोणी पुरून ठेवलेल्या धनासाठी लिहिलेला हा कायदा निसर्गाने वळवलेल्या तंतूंना लागू होणार नाही. पण ओळखणाऱ्याच्या कष्टाला तीन भाग आणि पोसणाऱ्याला एक, हा हिशेब ब्रिटिश अमदानीतल्या कायदेकारांना सुचला होता. तेव्हा लाटदार ओंडक्याचे पैसे हातात पडल्यावर देवळीला परत एक फोन करण्यासाठी व्रतधारी कारागिराला जिल्हाधिकाऱ्याच्या नोटिशीची गरज पडू नये.